एकाच ओळीत ‘-ओ२’ आणि ‘-ओ०’: कंपायलर नेमकं कुणाचं ऐकतो?

पायथनचं एखादं पॅकेज पिपने, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामने, बसवताना कधी कधी स्क्रीनवरून चार-पाच ओळी लांबीची एक आज्ञा सरकत जाते. पॅकेजमधला सी भाषेतला भाग तेव्हा तुमच्याच संगणकावर कंपाइल होत असतो. ती आज्ञा जरा थांबून वाचली, तर त्यात ‘-जी’ दोनदा दिसतो, ‘-ओ२’ दोनदा दिसतो, एखाद्या वेळी ‘-ओ२’च्या मागून ‘-ओ३’ही आलेला असतो. नव्याने प्रोग्रामिंग शिकणारी मुलं हे पाहून गोंधळतात. हे कुणाच्या चुकीने झालं? दोन्ही दिलेत तर लागू कुठला? आणि कंपायलर यावर काहीच कसं बोलत नाही?

“शेवटचा लागू होतो” असं उत्तर बहुतेक वेळा मिळतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही सूचनांच्या बाबतीत पहिली जिंकते, काहींच्या बाबतीत सगळ्याच लागतात, कुठे क्रमाला किंमतच नसते, तर कुठे कंपायलर पुढे जायलाच नकार देतो. “शेवटचा जिंकतो” एवढ्यावरच भिस्त ठेवली, तर एखाद दिवशी प्रोग्राम मुकाट्याने भलताच तयार होतो आणि कुठे बिघडलं ते कळत नाही. म्हणून हे मुळापासून पाहू.

## आधी तीन शब्द

माणसाने लिहिलेला कोड यंत्राला कळेल अशा रूपात उतरवतो तो कंपायलर. असे उतरवलेले तुकडे आणि तयार लायब्रऱ्या जोडून अखेरचा प्रोग्राम बनवतो तो लिंकर. आणि या दोघांना हाक मारताना नावापुढे आपण ज्या सूचना लिहितो, त्यांना फ्लॅग म्हणतात. फ्लॅगची सुरुवात हायफनने होते. या लेखात ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत टाइप करायचे असतात. तिथे अक्षर लहान की मोठं याने अर्थ बदलतो, म्हणून गरज असेल तिथे तसं सांगितलं आहे.

‘-ओ२’मधला ओ मोठा. प्रोग्राम वेगाने चालावा म्हणून कंपायलरने किती मेहनत घ्यायची, ती पातळी तो सांगतो. ‘-ओ०’ म्हणजे काही खटाटोप नको, मला चुका शोधायला सोपा प्रोग्राम दे. ‘-ओ२’ ही नेहमीच्या वापराची पातळी, ‘-ओ३’ त्याहून आक्रमक. सुरुवातीला दिसलेला ‘-जी’ चुका शोधायला लागणारी माहिती प्रोग्रामात ठेवतो.

## दोनदा येतात, कारण सांगणारे अनेक असतात

लग्नघरात आचाऱ्याला किती जण सूचना देतात ते आठवा. आजी म्हणते तिखट कमी, काका म्हणतात रस्सा झणझणीत हवा, मुलीची आई येऊन म्हणते काहीही करा पण मिठाचं प्रमाण माझ्याकडून तपासून घ्या. यातला प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो. एकाने काय सांगितलं ते दुसऱ्याला माहीत नसतं, एवढंच.

कंपायलरपुढची ओळही अशीच साचत जाते. कंपायलर ज्याने तयार केला त्याने काही फ्लॅग आतच ठरवून ठेवलेले असतात. उबुंटू किंवा डेबियनसारखी लिनक्सची वितरणं आपले घालतात. पायथन स्वतः कंपाइल होताना वापरलेले फ्लॅग लक्षात ठेवतो आणि पॅकेजांना पुढे देतो. पॅकेज लिहिणारा त्यात भर घालतो. शेवटी तुम्ही.

सीमेकचं उदाहरण फार बोलकं आहे. सीमेक हा कंपायलरपुढची ओळ आपोआप तयार करणारा प्रोग्राम. तुम्ही त्याच्या सर्वसाधारण फ्लॅगांत ‘-ओ२’ लिहिलं आणि बिल्डचा, म्हणजे प्रोग्राम तयार करण्याचा, प्रकार ‘रिलीज’ निवडला, तर जीसीसी किंवा क्लँग या सी भाषेच्या कंपायलरांसाठी तो रिलीजचे स्वतःचे फ्लॅग तुमच्या फ्लॅगांच्या मागे जोडतो, आणि त्यात ‘-ओ३’ असतो. ओळीत ‘-ओ२’ही दिसतो, ‘-ओ३’ही दिसतो आणि लागू होतो तो ‘-ओ३’. तुम्ही सांगितलेलं ओळीत डोळ्यांसमोर आहे, तरी त्याचा उपयोग शून्य. कित्येक जण वर्षानुवर्षं अशा समजुतीत असतात की आपला प्रोग्राम ‘-ओ२’ने तयार होतोय.

## रिक्षावाल्याचा नियम

रिक्षात बसून आपण म्हणतो, “डावीकडे घ्या… नाही नाही, उजवीकडे.” रिक्षावाला उजवीकडे वळतो. तुम्ही आधी डावीकडे म्हणाला होतात, अशी हुज्जत तो घालत नाही. ज्या फ्लॅगांना एका वेळी एकच किंमत असू शकते, त्यांच्यासाठी जीसीसी आणि क्लँग हाच नियम पाळतात. जीसीसीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की ऑप्टिमायझेशनचे अनेक फ्लॅग दिले तर शेवटचा परिणामकारक ठरतो. सी भाषेची कुठली आवृत्ती वापरायची, ३२ बिटांचा प्रोग्राम हवा की ६४ बिटांचा, इथेही तेच.

ही रीत युनिक्सच्या जगात जुनी आहे. फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ला ‘-आय’ दिला तर तो प्रत्येक फाइलमागे विचारतो, ‘-एफ’ दिला तर न विचारता पुसतो, आणि दोन्ही दिले तर शेवटचा चालतो. पॉझिक्स या प्रमाणभूत नियमावलीतही अशी मुभा आहे की परस्परविरोधी पर्यायांपैकी नंतरचा आधीच्याला रद्द करू शकतो, फक्त तसं लिहून ठेवलेलं असावं.

या नियमामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. जीसीसी ज्या प्रकल्पातून आला त्या ग्नूच्या कोड लिहिण्याच्या नियमांत सांगितलं आहे की वापरणाऱ्याने दिलेले फ्लॅग, ज्यांना ‘सीफ्लॅग्ज’ म्हणतात, ते आज्ञेत सगळ्यात शेवटी ठेवा. म्हणजे बाकीच्यांनी काहीही ठरवलेलं असलं, तरी अखेरचा शब्द ज्याचा संगणक आहे त्याचा.

पण हाच नियम उलटतोही. काही वर्षांपूर्वी माझ्या हातात एक गणिती प्रोग्राम होता, आणि तो अपेक्षेपेक्षा कितीतरी पट हळू चालत होता. मी दोन दिवस त्याची रीत तपासली, मेमरीचा वापर तपासला, आतली लूपं उलटीसुलटी करून पाहिली. बिल्डच्या फाइलमध्ये ‘-ओ२’ स्वच्छ लिहिलेला होता, त्यामुळे तिकडे पुन्हा पाहावं असं मनातही आलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

मायक्रोसॉफ्टचा कंपायलर इथे थोडा बोलका आहे. तोही शेवटचाच फ्लॅग घेतो, पण ‘डी९०२५’ क्रमांकाची वॉर्निंग देतो: अमुक फ्लॅगला तमुक फ्लॅगने बाजूला सारलं. व्हिज्युअल स्टुडिओत काम करणाऱ्यांना ही ओळ ओळखीची असते आणि बरेच जण तिला कटकट समजतात. मला ती उपकारक वाटते.

## नेमकं बोलणाऱ्याचं ऐकायचं, की शेवटी बोलणाऱ्याचं?

दुकानावर एक पाटी आहे: “सोमवारी दुकान बंद.” शेजारी दुसरी: “गणपतीच्या आधीचा सोमवार चालू.” यातली कुठली पाटी आधी लावली होती, याची चौकशी कुणी करत नाही. दुसरी अधिक नेमकी आहे, म्हणून तीच खरी.

जीसीसी वॉर्निंगच्या फ्लॅगांना हाच न्याय लावतो. ‘-डब्ल्यूऑल’ हा फ्लॅग वॉर्निंगांचा एक मोठा गठ्ठा चालू करतो. ‘-डब्ल्यूनो-अनयूज्ड-व्हेरिएबल’ हा फ्लॅग त्यातली एकच वॉर्निंग बंद करतो, न वापरलेल्या व्हेरिएबलची. जीसीसीत हा नेमका फ्लॅग आधी लिहा नाहीतर नंतर लिहा, ती वॉर्निंग बंदच राहते. दोन फ्लॅग सारख्याच नेमकेपणाचे असतील, तरच शेवटच्याचं चालतं.

क्लँग असं करत नाही. तो डावीकडून उजवीकडे वाचत जातो. आधी एक वॉर्निंग बंद केली आणि मागून ‘-डब्ल्यूऑल’ आला, तर गठ्ठ्याबरोबर तीही पुन्हा चालू होते. म्हणून तीच ओळ, तोच कोड, पण जीसीसीत गप्प आणि क्लँगमध्ये वॉर्निंगांचा पाऊस, असा अनुभव येतो. क्लँगने पुष्कळ बाबतींत जीसीसीचे फ्लॅग जसेच्या तसे स्वीकारले आहेत, त्यामुळे हा फरक आणखीच चकवतो. दोन्ही कंपायलरांवर चालवायचं असेल तर साधी युक्ती अशी की गठ्ठ्याचा फ्लॅग आधी आणि अपवाद नंतर लिहायचा. मग दोघांचं उत्तर एकच येतं.

ऑप्टिमायझेशनमध्येही जीसीसी नेमकेपणाची कदर करतो. ‘-ओ३’मध्ये अनेक युक्त्या एकत्र चालू होतात. त्यातली एखादी तुम्ही नाव घेऊन बंद केली असेल, तर ‘-ओ३’ तिच्या आधी आला काय नि नंतर आला काय, ती बंदच राहते. कारण जीसीसी आधी पातळी ठरवतो आणि नाव घेऊन दिलेल्या सूचना त्यानंतर लावतो.

## मॅक्रो: ठरवा, पुसा, पुन्हा ठरवा

‘-डी’, मोठा डी, हा फ्लॅग कोडमधल्या एखाद्या नावाला बाहेरून किंमत देतो. अशा नावाला मॅक्रो म्हणतात. ‘-यू’ ती किंमत पुसतो. हे दोन्ही ज्या क्रमाने दिले त्याच क्रमाने लागू होतात. एकाच नावाला दोन वेगळ्या किमती दिल्या तर शेवटची चालते, पण कंपायलर “हे नाव पुन्हा ठरवलं जातंय” अशी वॉर्निंग देतो. किंमत तीच असेल तर तो काही बोलत नाही.

याचा मोठा उपयोग एलएलव्हीएम या प्रकल्पात दिसतो, ज्यातून क्लँग तयार होतो. मघाशी सांगितलेला सीमेकचा रिलीज प्रकार ‘एनडीबग’ नावाचा मॅक्रोही ठरवतो, आणि तो ठरला की कोडमधल्या स्वतःला तपासणाऱ्या ‘असर्ट’ ओळी निष्प्रभ होतात. एलएलव्हीएमला कधी कधी वेगवान प्रोग्रामही हवा असतो आणि तपासण्याही. म्हणून त्यांची बिल्डची मांडणी मागून ‘-यू’ लावून ‘एनडीबग’ पुसून टाकते. इथे विरोधी फ्लॅग जाणूनबुजून दिलेला आहे.

## फडताळातला पहिला डबा

आता उलटा नियम. चहा करायला उभं राहून आपण फडताळात वरच्या फळीपासून साखर शोधू लागलो, की पहिला साखरेचा डबा सापडल्यावर हात थांबतो. खालच्या फळीवर आणखी एक डबा असेल, त्याच्याकडे आपण पोचतच नाही.

‘-आय’, मोठा आय, हा फ्लॅग कंपायलरला हेडर फाइल, म्हणजे कोडमध्ये वरून जोडली जाणारी फाइल, कुठल्या फोल्डरात शोधायची ते सांगतो. असे दहा फोल्डर दिले तर तो डावीकडून एकेक पाहतो आणि पहिल्या सापडलेल्या फाइलवर थांबतो. इथे पहिला जिंकतो. लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणाऱ्या मोठ्या एलचंही तसंच. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या संगणकावर असतील आणि जुनीचा फोल्डर आधी आला असेल, तर नवी आवृत्ती ओळीच्या शेवटी कितीही ठळक लिहा, जुनीच लागते. “शेवटचा जिंकतो” हे पाठ केलेला माणूस नेमका इथे फसतो.

तोच फोल्डर दोनदा दिला तर जीसीसी दुसरा सोडून देतो. एक बारकावा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. जो फोल्डर सिस्टिमच्या यादीत मुळातच आहे, तो ‘-आय’ने पुढे आणायचा प्रयत्न केला तर जीसीसी तुमची सूचना बाजूला ठेवतो आणि सिस्टिमचा क्रम तसाच राखतो.

## बाजारपेठेतून एकदाच जायचं

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती छोट्या एलपाशी. हा फ्लॅग लिंकरला सांगतो की अमुक लायब्ररी जोड.

कल्पना करा, एका एकेरी पेठेतून तुम्ही यादी घेऊन चालला आहात. मागे फिरायचं नाही असा नियम आहे. प्रत्येक दुकानापाशी त्या क्षणी यादीत असलेल्याच वस्तू घ्यायच्या. वाण्याचं दुकान मागे पडलं आणि पुढे भेटलेल्या आत्याने “हिंग आण गं” म्हटलं, तर हिंग राहिला. पुढे वाण्याचं आणखी एक दुकान असेल तरच मिळणार.

ग्नूचा पारंपरिक लिंकर स्थिर लायब्रऱ्या, म्हणजे ज्यांतले तुकडे प्रोग्राममध्येच उतरतात त्या, अशाच पाहतो. तोपर्यंत ज्या फंक्शनांची गरज नोंदली गेली आहे, तेवढेच तुकडे तो लायब्ररीतून उचलतो. लायब्ररी आधी आणि तिची गरज असलेला तुकडा नंतर आला, तर “हे फंक्शन सापडलं नाही” अशी एरर येते, आणि लायब्ररी तर ओळीत समोर दिसत असते! दोन लायब्रऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील तर पहिली, दुसरी, पुन्हा पहिली असं लिहावं लागतं. म्हणजे इथे तीच सूचना दोनदा देणं ही गरज आहे. (तिसऱ्यांदाही लागू शकते. म्हणूनच काही लायब्रऱ्यांचा गट करून तो पुन्हा पुन्हा पाहायला लावण्याची सोय या लिंकरमध्ये आहे.)

ॲपलचा लिंकर मात्र पेठेत हवं तितक्यांदा मागे फिरतो, त्याला लायब्ररी दोनदा सांगावी लागत नाही. २०२३मध्ये एक्सकोड या ॲपलच्या प्रोग्रामिंगच्या साधनाची १५वी आवृत्ती आली तेव्हा त्याच्या नव्या लिंकरने “दुबार लायब्रऱ्यांकडे दुर्लक्ष करत आहे” अशी वॉर्निंग द्यायला सुरुवात केली, आणि जगभरच्या आयफोन व मॅकसाठी लिहिणाऱ्यांच्या स्क्रीन त्या ओळीने भरून गेल्या. त्यांच्या प्रोग्रामात काही बिघडलं नव्हतं. लिनक्सवर ज्या पुनरुक्तीवाचून चालत नाही, तीच इथे अनावश्यक ठरली होती. पुढे सीमेकनेही ३.२९ आवृत्तीत लिंकरच्या स्वभावानुसार अशा दुबार लायब्रऱ्या गाळायचं धोरण आणलं.

## “मग सरळ एरर का देऊ नये?”

काही कंपायलर देतात. जावाच्या कंपायलरला ‘--रिलीज’ आणि ‘--सोर्स’ एकत्र दिले, तर दोन्ही एकत्र वापरता येत नाहीत असं सांगून तो थांबतो. रस्टच्या कंपायलरला ‘--एडिशन’ दोनदा दिलं तर तोही अडतो. जीसीसी आणि क्लँगमध्येही जिथे दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत तिथे एरर आहे. मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर आणि थ्रेडच्या चुका पकडणारा थ्रेड सॅनिटायझर एकाच वेळी मागितले, तर दोघेही नकार देतात.

पण प्रत्येक विरोधावर एरर दिली, तर सूचनांचे थर एकावर एक रचायची सोयच संपते. वितरणाने ‘-ओ२’ दिला आणि तुम्हाला एका फाइलसाठी ‘-ओ०’ हवा आहे, तर आधीचा कुठून आला ते शोधून काढून टाकावं लागेल, आणि तो तुमच्या हातातल्या फाइलीत नसेलच कदाचित. त्यामुळे शेवटच्याचं ऐकणं मला पटतं.

मुकेपण मात्र प्रत्येक ठिकाणी पटत नाही. ‘स्टॅक प्रोटेक्टर’ हा फ्लॅग प्रोग्रामवरच्या एका जुन्या प्रकारच्या हल्ल्यापासून संरक्षण देतो. वितरणाने तो चालू केला आणि मागून कुठल्या जुन्या स्क्रिप्टमधून तो बंद करणारा फ्लॅग आला, तर संरक्षण जातं आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही. ‘फॉर्टिफाय सोर्स’ या दुसऱ्या संरक्षणाला ऑप्टिमायझेशन चालू असावं लागतं. शेवटी आलेला एक ‘-ओ०’ त्यालाही निकामी करतो. ग्नूची सी लायब्ररी तिथे वॉर्निंग देते हे चांगलंच आहे, पण शेकडो ओळींच्या गर्दीत ती कोण वाचतो? वेग कमी झाला तर वापरणाऱ्याला जाणवतो, गेलेलं संरक्षण कुणालाच दिसत नाही. २०२४मध्ये आलेल्या जीसीसी १४ने हे ओळखून संरक्षणाचे फ्लॅग एकदम चालू करणारा ‘-एफहार्डन्ड’ आणला. त्यातला एखादा फ्लॅग तुम्ही आधीच वेगळा ठरवला असेल तर तो तुमचाच निर्णय ठेवतो, पण अमुक गोष्ट मी चालू केली नाही असं वॉर्निंग देऊन कळवतो. मला यातली ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

## “दुबार आलेले गाळून टाकले तर?”

‘-ओ२ -ओ० -ओ२’ अशी ओळ घ्या. लागू होणार ‘-ओ२’. आता कुणी नीटनेटकेपणा म्हणून दुबार आलेला शेवटचा ‘-ओ२’ गाळला. उरलं ‘-ओ२ -ओ०’, आणि लागू झाला ‘-ओ०’. नुसत्या साफसफाईने अर्थ उलटा झाला.

सीमेक काही फ्लॅगांच्या बाबतीत अशी गाळणी स्वतः करतो, आणि तिचा फटका त्याच्या पुस्तिकेतच नोंदवलेला आहे. एखादा फ्लॅग आणि त्याची किंमत सुटी लिहायची असेल, तर दुसऱ्या वेळचा फ्लॅग दुबार समजून गळतो आणि त्याची किंमत एकटीच मागे उरते. हे टाळण्यासाठी तिथे ‘शेल’ असा शब्द आणि कोलन (:) लावून जोडी एकत्र बांधायची सोय केली आहे.

## खरंच काय लागू झालं, ते कसं पाहायचं

बिल्डची फाइल वाचून हे कळत नाही. तिथे एकाच माणसाचं म्हणणं असतं, बाकीच्यांचं नसतं. कंपायलरच्या हातात पडलेली पूर्ण ओळ पाहावी लागते. मेक हा कंपायलरच्या आज्ञा एकेक चालवणारा प्रोग्राम, आणि त्या आज्ञा लिहिलेल्या असतात त्या मेकफाइल. सीमेकने बनवलेल्या मेकफाइल वापरत असाल तर मेकला ‘व्हर्बोज’ची किंमत १ द्या, ऑटोमेक या दुसऱ्या साधनाने मेकफाइल बनवणाऱ्या प्रकल्पांत मोठ्या ‘व्ही’ची. मग प्रत्येक आज्ञा स्क्रीनवर येते.

जीसीसी किंवा क्लँगला एक हायफन आणि लागोपाठ तीन हॅशची चिन्हं दिली, तर काम न करता आतल्या आज्ञा तेवढ्या तो छापून दाखवतो. छोट्या ‘-व्ही’ने हेडर फाइल कुठल्या क्रमाने शोधल्या जातात ती यादी मिळते, आणि गाळलेल्या दुबार फोल्डरांची नावंही. जीसीसीला तुमच्या फ्लॅगांबरोबर मोठा ‘-क्यू’ आणि ‘--हेल्प’ला ‘ऑप्टिमायझर्स’ अशी किंमत दिली, तर कुठली युक्ती चालू आणि कुठली बंद याची पूर्ण यादी समोर येते.

माझ्या त्या हळू चालणाऱ्या प्रोग्रामची पूर्ण ओळ मी तिसऱ्या दिवशी सकाळी काढली. ‘-ओ२’ सुरुवातीलाच होता. ओळ उजवीकडे संपत आली, तिथे फाइलच्या नावाच्या अलीकडे एक ‘-ओ०’ होता. तो आला होता माझ्याच खात्यातल्या ‘सीफ्लॅग्ज’मधून. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुठल्या कामात चूक शोधताना मी तिथे लिहिला होता, आणि काढायचा राहिला होता.